चिमाजी अप्पांच्या पत्नीचें नांव

वज्रेश्वरीच्या देवळाला बावन्न पायऱ्या आहेत. लहानपणीं त्या आम्ही वडिलांचें बोट सोडून धांवत चढत असूं. हल्लीं मध्यें दोनदां थांबावें लागतें. थांबण्याचें खरें कारण बरोबरच्या मंडळींच्या ध्यानीं येऊं नये म्हणून त्या दोन ठिकाणीं आम्ही इतिहास सांगतों. दम लागला कीं व्याख्यान सुरू करावें, ही युक्ति तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांला फार उपयोगी पडली आहे, आणि तिचें बिंग अद्याप कोणा विद्यार्थ्यानें फोडलेलें नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत आमचा अमेरिकेंतला भाचा सहकुटुंब आमच्याकडे भिवंडीस आला होता. भिवंडीस आलेल्या पाहुण्याला दाखवावें काय, हा प्रश्न आमच्या घरांत नेहमींच उपस्थित होतो. यंत्रमागांचा खडखडाट हा ऐकण्याचा विषय आहे, पाहण्याचा नव्हे. गोदामें पाहण्यासाठीं कोणी व्हर्जिनियाहून येत नाहीं. आणि रस्त्यांविषयीं पाहुण्यांसमोर बोलूं नये असा आमच्या सौभाग्यवतींचा सक्त नियम आहे. शेवटीं सर्वानुमतें वज्रेश्वरी ठरते. तालुक्यांतलेंच स्थान, तानसेचा कांठ, जवळच अकलोलीचीं ऊन पाण्याचीं कुंडें. देवीचें दर्शनहि होतें आणि सहलहि घडते.

पहिल्या थांब्यावर आम्हीं चिमाजी अप्पांची मोहीम सांगितली. उत्तर कोंकणांतला पोर्तुगीजांचा अंमल, १७३७ पासून दोन वर्षें चाललेलें युद्ध, वसईच्या किल्ल्याचा वेढा, वडवलीस असतां अप्पांनीं देवीला बोललेला नवस, आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई हातीं आल्यावर त्या नवसाची फेड म्हणून उठलेलें हें देऊळ. देऊळ कसलें, लहानसा किल्लाच तो! भोंवतीं तट, दारावर नगारखाना. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनीं आणलेल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतल्या घंटा मेणवलीस आणि भीमाशंकरास पाहावयास मिळतात, हें आम्ही अगदीं रंगांत येऊन सांगत होतों. तोंच भाच्याच्या दहा वर्षांच्या कन्येनें, जी आतांपर्यंत पायरीवरचें सोन्याचें कासव निरखीत बसली होती, मान वर केली.

"आजोबा, त्यांच्या वाइफचं नाव काय होतं?"

"कोणाच्या?"

"हे टेंपल ज्यांनी बांधलं, त्यांच्या."

त्या मोहिमेंतल्या सरदारांचीं आठ-दहा नांवें आमच्या जिभेवर होतीं. हें एक नव्हतें. आम्ही म्हणालों, "वर गेल्यावर सांगतों." वर दर्शनाची रांग मोठी होती, आणि देवीच्या कृपेनें प्रश्न तेवढ्यापुरता मागें पडला.

परततांना गाडींत उलगडा झाला. पोरीला चिमाजी अप्पांच्या संसाराविषयीं विशेष जिज्ञासा होती असें नव्हे. तिच्या घरापासून जॉर्ज वॉशिंग्टन यांचें मौंट व्हर्नन हें घर जवळ आहे. शाळेनें मुलांना तेथें नेलें होतें, आणि मागाहून प्रत्येकानें एक राष्ट्राध्यक्ष निवडून त्याचा तक्ता करावयाचा होता. त्या तक्त्यांत जन्म, मृत्यु, कारकीर्द, स्मारक या चौकटींबरोबर पत्नीच्या नांवाची आणि तिच्या कार्याचीहि चौकट होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला तिकडे प्रथम महिला म्हणतात, आणि तिचें चरित्र हा तेथें अभ्यासाचा विषय आहे. या मुलीनें दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स आणि त्यांच्या पत्नी अबिगेल यांची जोडी घेतली होती. तेव्हां कोणाहि थोर पुरुषाचें वर्णन चाललें कीं ती चौकट भरल्याखेरीज तिला चैन पडत नाहीं. आम्हांला इतकीं वर्षें चैन पडलें, याचें कारण आमच्या तक्त्यांत ती चौकटच नव्हती.

त्या रात्रीं आम्हीं पुस्तकांचें कपाट उघडलें. चिमाजी अप्पांच्या दोन बायका. पहिल्या रखमाबाई, पेठ्यांच्या घरच्या. त्र्यंबकराव मामा पेठे म्हणून पुढें प्रसिद्धीस आले ते यांचे बंधु. १७३० मध्यें त्यांना मुलगा झाला आणि तो तान्हा असतांनाच त्या वारल्या. पानपतावर गेलेले सदाशिवराव भाऊ ते हेच. त्यांना वाढविलें तें आजी राधाबाईंनीं आणि चुलती काशीबाईंनीं. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई. १७४० च्या डिसेंबरांत अप्पा वारले आणि अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यास ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधि आहे. वसतिगृहांत असतांना, परीक्षा तोंडावर आली म्हणजे, आम्ही ओंकारेश्वराला नेमानें जात असूं. पण चितेवर एकटे अप्पाच नव्हते, हा विचार एकदांहि मनाला शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं दोन्ही नांवें सांगितलीं. मुलीनें तीं वहींत उतरून घेतलीं. अन्नपूर्णाबाईंचें नांव लिहितांना दोनदां खोडलें. "दुसऱ्या आजींचं पुढे काय झालं?" असें तिनें विचारलें तेव्हां भाच्यानें आमच्याकडे पाहिलें आणि आम्ही भाच्याकडे. मग कोणीतरी अकलोलीच्या कुंडांची गोष्ट काढली.

मंडळी परत गेली, पण प्रश्न भिवंडींतच राहिला. पेशवे आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष यांची तुलना लंगडी आहे, हें आम्ही जाणतों. तो बिचारा चार वर्षांसाठीं निवडून येतो आणि मुदत सरली कीं घरीं जातो. पेशवाईचीं वस्त्रें १७१३ मध्यें शाहू महाराजांनीं बाळाजी विश्वनाथांना दिलीं, तीं १८१८ पर्यंत एकाच घरांत राहिलीं. शिवाय पेशवा हा पदानें चाकरच, धनी साताऱ्यास. परंतु एका बाबतींत दोन्हींकडे साम्य आहे. राज्याचा गाडा हांकणाऱ्या पुरुषाच्या घरांत एक स्त्री असते. तिला पद नाहीं, वेतन नाहीं, कोणी तिला निवडलेलें नाहीं, तरी तिचें उभें आयुष्य चव्हाट्यावर जगलें जातें. (२००७ ते २०१२ या काळांत प्रतिभाताई पाटील आपल्या राष्ट्रपति होत्या, तेव्हां त्यांच्या यजमानांना काय म्हणावें हा पेंच पडला होता. पुरुषांवर हा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून त्यासाठीं शब्दच घडलेला नाहीं.)

मग या बायकांचीं स्मारकें कोठें आहेत, तीं आम्ही मनांतल्या मनांत शोधूं लागलों. गाडीभाडें न देतां करावयाची ही यात्रा.

आरंभ राधाबाईंपासून. सिन्नरजवळच्या डुबेरे गांवच्या बर्व्यांची ही मुलगी, बाळाजी विश्वनाथांची पत्नी, बाजीराव आणि चिमाजी यांची आई. यजमान १७२० मध्यें गेले. १७३५ मध्यें ही वृद्ध विधवा काशीयात्रेस निघाली. मुलाच्या फौजा उत्तरेंत ज्यांच्या उरावर बसल्या होत्या, त्यांच्याच मुलखांतून हिचा मार्ग. पण राजपुतान्यांतल्या दरबारांनीं तिचा सत्कार केला, मोंगल सरदारांनीं तिला बिनधोक वाट दिली, आणि वर्षभरानें ती सुखरूप परत आली. पोरानें तलवारीनें जें चांचपलें नसतें तें आईनें पालखींतून चांचपलें. उत्तरेंत पेशव्यांविषयीं भय किती आणि आदर किती, हें त्या यात्रेनें उघड झालें. हिच्या यात्रेची आठवण आम्हांला १९५२ च्या एका पाहुणीमुळें होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या विधवा पत्नी एलिनॉर त्या वर्षीं हिंदुस्थानांत आल्या होत्या, आणि मुंबईसहि. त्याहि सरकारी अधिकारानें आल्या नव्हत्या, पण जेथें गेल्या तेथें लोकांनीं त्यांच्याकडे त्यांच्या देशाचें मुख म्हणूनच पाहिलें.

राधाबाईंच्या सुनेची, काशीबाईंची, गोष्ट निराळी. बाजीराव १७४० च्या एप्रिलांत नर्मदेकाठीं रावेरखेडीस वारले. त्यांची समाधि तेथें, घरापासून इतकी दूर. मस्तानीची कबर पाबळास. काशीबाईंनीं माहेरगांवीं, चासेस, सोमेश्वराचें देऊळ बांधलें. चास आणि पाबळ यांच्यांत अंतर थोडें आहे. एका सकाळीं दोन्ही ठिकाणें पाहून होतात. दोघी अशा जवळ जवळ, आणि ज्याच्यामुळें त्यांचीं नांवें एका दमांत घेतात तो मात्र दोघींपासून दूर, परक्या नदीच्या कांठीं एकटा. २०१५ च्या चित्रपटानें दोघींना एका गाण्यावर एकत्र नाचविलें, त्यावरून पुष्कळ वादंग माजलें. आम्हांला त्या नाचाचा राग नाहीं. राग इतकाच कीं आमच्या वर्गांतल्या मुलांना काशीबाईंविषयीं जें ठाऊक आहे तें तेवढेंच. पानपताच्या भाऊसाहेबांना न्हाऊंमाखूं घालणारी चुलती त्यांना ठाऊक नाहीं.

नानासाहेब १७६१ च्या जूनमध्यें पर्वतीवर वारले; लकडी पुलाजवळ मुठेच्या कांठीं त्यांची समाधि आहे. त्यांच्या मागें गोपिकाबाईंनीं जें सोसलें त्याची समाधि कोठें बांधावी? विश्वासराव पानपतावर गेला, माधवराव क्षयानें गेला, नारायणरावाचा वाड्यांत खून झाला. तीन मुलगे, तिन्ही आईच्या डोळ्यांदेखत! भावाच्या प्रकरणावरून माधवरावाशीं बिनसल्यावर ही करारी बाई नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिली. तिच्याविषयीं दंतकथा पुष्कळ आहेत, पण आमच्या मतें तिचें खरें स्मारक म्हणजे नातवाला, सवाई माधवरावाला, तिनें लिहून पाठविलेला उपदेश. सकाळीं केव्हां उठावें, कोणाशीं कसें बोलावें, कागद कसा ऐकावा, असल्या बारीकसारीक गोष्टींचा तो पाठ आहे. वाचतांना प्रथम हंसूं येतें. मग ध्यानांत येतें कीं या बाईच्या घराण्याचा हा शेवटचा अंकुर आहे, आणि तिच्या हातीं आतां लेखणीखेरीज कांहीं उरलेलें नाहीं.

आणि पार्वतीबाई. भाऊसाहेबांची ही पत्नी पानपतावर त्यांच्याबरोबर होती, आणि त्या प्रलयांतून वांचून परत आली. भाऊ मेले हें तिनें कधीं मानलें नाहीं. तोतया आला, चौकशी झाली, १७७६ मध्यें तोतयाला देहान्त शासन झालें. पण हिनें कुंकू पुसलें नाहीं. १७८३ मध्यें ती वारली, तेव्हां तिच्याबरोबर भाऊंचीं उत्तरकार्यें करण्यांत आलीं. बावीस वर्षें एका बाईच्या कपाळावरच्या कुंकवाच्या ठिपक्यानें एका सेनापतीला मरूं दिलें नाहीं. जगांत कोठें कोणत्या वीराचें असें स्मारक झालें असेल तर आम्हांला तें वाचकांनीं कळवावें.

थेऊरला मात्र आम्ही प्रत्यक्ष गेलेलों आहों, आणि तेथें आमचें मन नेहमीं अवघडतें. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, माधवराव तेथें वारले आणि रमाबाई सती गेल्या. नदीच्या बाजूला त्यांचें वृंदावन आहे. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ कादंबरीनें १९६२ पासून रमाबाईंना घरोघरीं पोंचविलें. आमच्या मातोश्रींनीं ती कादंबरी तीनदां वाचली आणि तिन्ही वेळां शेवटचें प्रकरण न वाचतां मिटली. आम्हीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "ती कशी मेली ते ठाऊक आहे. ती कशी राहत होती तेवढं वाचते." वृंदावनावर हळदकुंकू वाहिलेलें पाहिलें कीं आम्हांला हें वाक्य आठवतें. रमाबाई, अन्नपूर्णाबाई यांना आम्हीं विसरलों नाहीं हें खरें. पण लक्षांत ठेवला तो त्यांचा एकच दिवस, तोहि शेवटचा. रखमाबाई साध्या बाळंतपणानंतर गेल्या. त्यांना तोहि मान नाहीं.

राहिल्या आनंदीबाई. नाशिकजवळच्या आनंदवल्ली गांवाला त्यांचें नांव आहे, आणि पेशव्यांच्या बायकांत गांवाच्या रूपानें उरलेली बहुधा ही एकटीच. पण तें गांव कोणाला आठवत नाहीं. आठवतो तो एका अक्षराचा बदल. नारायणरावाच्या खुनाच्या हुकमांत ‘धरावें’चें ‘मारावें’ यांनींच केलें, ही गोष्ट शाळेंत शिकल्याशिवाय कोणी मोठा झालेला नाहीं. तिला भक्कम पुरावा नाहीं असें इतिहासज्ञांनीं कितीहि सांगितलें तरी लोक ती सोडावयास तयार नाहींत. नवऱ्याच्या पापाचा वांटा बायकोच्या पदरीं टाकणें ही फार जुनी सोय आहे. अब्राहम लिंकन यांची पत्नी मेरी हिची गत कांहीं फार वेगळी नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला गोळी घातली. तत्पूर्वीं दोन मुलगे गेलेले, मागाहून तिसरा गेला. आणि १८७५ मध्यें उरलेल्या एकुलत्या मुलानेंच न्यायालयाकडून तिला वेडी ठरवून घेतलें. उधळी, भांडखोर, वेडी अशीच ती पुष्कळ दिवस ओळखली गेली.

तेव्हां तिकडे सर्व सोन्याचें आहे असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या मौंट व्हर्ननचें कौतुक आम्हीं त्या मुलीच्या तोंडून ऐकलें, तें घर वाचविलें बायकांनीं हें खरें. ॲन पामेला कनिंगहॅम या अपंग बाईनें १८५३ मध्यें स्त्रियांची मंडळी उभी केली, दोन लक्ष डॉलर जमवून तें मोडकळीस आलेलें घर विकत घेतलें, आणि आजहि तीच मंडळी तें सांभाळते. पण त्या घराच्या जमिनीवर तीनशेंहून अधिक गुलाम राबत होते, आणि त्यांच्या दफनभूमीवर नीटसें स्मारक उभें राहावयास १९८३ साल उजाडावें लागलें. प्रथम महिलांची आठवण म्हणून वॉशिंग्टनच्या मोठ्या संग्रहालयांत १९१४ पासून काय ठेवलें, तर त्यांचे झगे! आम्ही कापडाच्या गांवांत राहतों. कापडाला नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. तरीपण जिनें नवऱ्याच्या आजारपणांत, युद्धाच्या दिवसांत घर सांभाळलें, तिची मागें उरावी ती रेशमाची घडी, हें पाहून आमच्या गांवचा विणकरहि उदास होईल. रूझवेल्ट यांच्या राजधानींतल्या स्मारकांत एलिनॉर यांचा पुतळा उभा राहिला तो १९९७ मध्यें. राष्ट्राध्यक्षाच्या स्मारकांत पत्नीला जागा मिळाली ती तेव्हां प्रथम.

मात्र एका गोष्टींत ते लोक आमच्या पुढें आहेत, आणि ती म्हणजे कागद. रूझवेल्ट यांनीं आपले सर्व कागद राष्ट्राला देऊन हाइड पार्क येथें त्यांचा संग्रह उभारला. १९४१ मध्यें तो लोकांस खुला झाला, आणि १९७२ मध्यें एलिनॉर यांच्या नांवें त्याला नव्या बाजू जोडल्या. त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांत तशी प्रथाच पडली. आमच्याकडे कागद नाहींत असें नव्हे. पुण्याचें पेशवे दफ्तर हा कागदांचा डोंगर आहे. रियासतकार सरदेसायांनीं १९३० पासून त्यांतले निवडक वेंचून पंचेचाळीस भाग छापले. त्या पानांतून बायका सांपडतात, पण कशा? यात्रेच्या खर्चांत, दानधर्माच्या यादींत, दुखण्याखुपण्याच्या बातमींत. त्या स्वतः बोलतात तें फार थोडें.

वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांनीं तर मरणापूर्वीं स्वतःच नवऱ्याशीं झालेला सारा पत्रव्यवहार जाळला. चाळीस वर्षांच्या संसारांतलीं फारच थोडीं पत्रें वांचलीं. उलट ॲडम्स पतिपत्नींचीं हजारांवर पत्रें राहिलीं. आमच्या नातीनें अबिगेल यांना निवडलें तें याच पत्रांमुळें. नवरा फिलाडेल्फियास राष्ट्र घडवीत आहे, आणि ही घरून लिहिते कीं टांचण्या मिळत नाहींत, मिळाल्या तर पाठवा. अमुक जिन्नस इतका महागला. मुलाला घेऊन टेंकडीवर गेलें, तेथून बंकर हिलची लढाई दिसली. तो सात वर्षांचा मुलगा पुढें स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. लढाईचा इतिहास सेनापतींच्या खलित्यांत आहेच. पण टांचण्या मिळत नव्हत्या हें त्यांत कोठून असणार?

येथें आम्हांला एक कबुली द्यावी लागणार आहे, आणि ती टाळण्यासाठींच आम्ही इतका वेळ थेऊर आणि हाइड पार्क हिंडत होतों.

आमचे वडील हेडमास्तर होते. ते जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. यंदा त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे जुने विद्यार्थी एक स्मरणिका काढीत आहेत. तिच्यासाठीं साहित्य हवें होतें आणि तें आमच्याकडे भरपूर निघालें: भाषणांचीं टांचणें, शाळेच्या अहवालांच्या प्रती, थोरामोठ्यांचीं पत्रें, सगळें फायलींत नीट लावलेलें. तें सुस्थितींत आहे याचें कारण आमच्या मातोश्री. २६ जुलै २००५ च्या पावसांत कामवारीचें पाणी आमच्या गल्लींत शिरलें. पाहतां पाहतां उंबरा बुडाला. सत्तर वर्षांची आमची आई गुडघाभर पाण्यांत उभी राहून कपाटांतल्या फायली एकेक करून हातांत देत होती आणि आम्ही त्या माळ्यावर ठेवीत होतों. कपाटाच्या खालच्या कप्प्यांत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. आम्ही पुण्यास वसतिगृहांत होतों त्या तीन वर्षांत, १९८७ ते १९९०, तिनें आम्हांला दर आठवड्यास लिहिलेलीं आंतरदेशीय पत्रें त्यांत होतीं. आम्हीं विचारलें, "तो डबा?" ती म्हणाली, "राहू दे रे. त्यात काय आहे? भाजीचे भाव नि नळाला पाणी कधी आलं ते. आधी ह्यांचं घे."

आम्हीं आधीं ‘ह्यांचें’ घेतलें. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. पत्रवाङ्मय हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, हें त्या वर्षींहि आम्ही वर्गांत फळ्यावर लिहीत होतों. दोन पावलांवर डबा होता. आईनें ‘राहू दे’ म्हटलें आणि आम्हीं राहूं दिला. पाणी ओसरल्यावर डबा उघडला तेव्हां आंत निळसर लगदा होता. आईनें तो सुपांत काढून गच्चीवर वाळत घातला. वाळल्यावर त्याची एक कडक वडी झाली. तिच्यावर अक्षर म्हणून दिसत नव्हतें. ती हंसली आणि म्हणाली, "आता लावा फायलीत." २०१२ मध्यें ती गेली. स्मरणिकेंत तिच्याविषयीं एक वाक्य आहे. तें आम्हींच लिहिलेलें आहे, आणि त्यांत ‘समर्थ साथ’ हे दोन शब्द आहेत.

वज्रेश्वरीच्या पायरीवर आम्हांला घाम फुटला तो चिमाजी अप्पांच्या पत्नींमुळें नव्हे.

त्या पत्रांत काय होतें तें आठवावें म्हणून आम्हीं एक वही घातली आहे. भाव आठवत नाहींत. नळ पहांटे चारला येत असे एवढें आठवतें. मागांना वीज नाहीं म्हणून गल्ली चार दिवस मुकी झाली होती, आणि त्या शांततेनें तिला झोंप येईना, असें एका पत्रांत होतें. आणखी एक पत्र मात्र फार छळतें. १९८४ च्या मे महिन्यांतल्या दंगलीनंतर आमच्या मागच्या गल्लींतलें एक कुटुंब गांव सोडून गेलें होतें. त्या घरांतल्या बाईंना आम्ही मुलें खाला म्हणत असूं. आई आणि त्या एकमेकींकडे सणावाराला वाटी-डबा पाठवीत. तीन-चार वर्षांनीं त्या परत राहावयास आल्या, आणि आल्या त्या दिवशींच आमच्या घरीं आल्या. त्या दोघी काय बोलल्या, तें आईनें आम्हांला सविस्तर लिहिलें होतें. तीन पानें भरून, कडेच्या कोऱ्या जागेंतसुद्धां. तें पत्र आम्हीं वाचलें होतें. त्या दिवशीं दुसऱ्या प्रहरीं आमचा क्रिकेटचा सामना होता, हेंहि स्पष्ट आठवतें. त्या काय बोलल्या तें आठवत नाहीं.

परवां आम्हीं बडोद्यास धाकट्या बहिणीला फोन केला. ती तेव्हां घरींच होती. ती म्हणाली कीं तिला आंतून बोलणें नीट ऐकूं आलें नव्हतें. पण दंगलीच्या आदल्या आठवड्यांत आईचा पितळेचा डबा खालांकडे राहिला होता; घर आवरून जातांना त्यांनीं तो बरोबर नेला होता, आणि त्या दिवशीं परत आणून दिला. रिकामा आणला नव्हता. त्यांत काय होतें, हें बहिणीला सांगतां येईना.